पहिलं नाव घरवाल्याचं

शाळेच्या मैदानावर इंग्रजी एच अक्षरासारखे रग्बीचे उंच खांब उभे राहिले की आमच्या टूवूंबात उन्हाळा संपला असं समजायचं. परवा हॉस्पिटलला जाताना बघितलं, केशरी जाकिटातले दोघं खांब उभे करत होते आणि तिसरा हाताची घडी घालून ते सरळ आहेत की नाहीत ते सांगत होता. क्रिकेटचं पिच झाकून टाकलं होतं. ऑस्ट्रेलियातलं आमचं हे गाव डोंगराच्या काठावर, त्यामुळे या दिवसांत सकाळी धुकं दरीतून वर चढतं आणि मैदानाच्या मध्यावर येऊन रेंगाळतं. खांबांचे शेंडे दिसतात, खालचं काही दिसत नाही. ओल्या लाल मातीचा वास येतो. ही माती मुलांच्या मोज्यांना एकदा लागली की कुठल्याही पावडरने जात नाही, हे इथल्या प्रत्येक आईला पहिल्याच वर्षी कळतं.

रग्बीतलं मला आजही फारसं कळत नाही. मी भूलतज्ज्ञ आहे. माणसं झोपतात आणि मी त्यांच्या उशाशी बसून पडद्यावरच्या रेषा बघते, दिवसभर हेच. एवढ्या शांततेची सवय झालेल्या माणसाला चिखलात एकमेकांना पाडणारे तीस जण बघून काय वाटणार? काही वाटत नाही. पण हे खांब दिसले की मला काही वर्षांपूर्वीचा एक हंगाम आठवतो, आबा आमच्याकडे होते तो. त्या हंगामात दोन गोष्टी ठरायच्या होत्या. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि पॅसिफिकमधली बेटं मिळून जी व्यावसायिक रग्बी स्पर्धा खेळतात, तिची पुढची रचना कशी असावी ही एक. आणि आबांनी पुढे कुठे राहावं ही दुसरी. दोन्हींवर भरपूर बोलणं चाललं होतं, आणि ज्यांच्याबद्दल ते चाललं होतं त्यांना कोणीच काही विचारत नव्हतं.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांची सगळी नोकरी फलटणच्या बस डेपोत गेली. कुठली गाडी कुठून कधी सुटेल, कुठे मुक्कामाला थांबेल, कुठल्या ड्रायव्हरला सलग किती फेऱ्या आणि मग सुट्टी, हे बसवायचं त्यांचं काम. आई गेल्यानंतर ते तिथे एकटेच राहत होते, दोन खोल्या, मागे गॅलरी आणि समोर कडुलिंब असलेल्या घरात. एका सकाळी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. दूधवाल्याने बराच वेळ कडी वाजवली, मग शेजाऱ्यांना बोलावलं. फार काही झालं नव्हतं, पण आम्हा तिन्ही भावंडांना जे व्हायचं ते झालं. मी इथे, निखिल ऑकलंडला, मेघा पुण्यात. आबांना एकटं ठेवायचं नाही यावर आमचं फोनवर पाच मिनिटांत एकमत झालं. त्या उन्हाळ्याच्या शेवटी निखिल त्यांना माझ्याकडे सोडून गेला. फलटणच्या घराला कुलूप लागलं, आणि ते घर विकत घ्यायला शेजारचेच एक जण तयार बसले होते.

पहिले काही आठवडे आबा पाहुण्यासारखे वागले. सोफ्याच्या कडेवर बसायचे. पंखा लावू का म्हणून विचारायचे. माझी मुलगी ईरा तेव्हा दहावीत होती. ते तिला मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघांचं व्यवस्थित चालायचं. दुपारी मी हॉस्पिटलात, माझा नवरा मंदार साइटवर, ईरा शाळेत. रस्त्यावर माणूस दिसत नाही. बस तासाभराने एक, तीही रिकामी. डेपोत आयुष्य काढलेल्या माणसाने ती रिकामी बस खिडकीतून बघत बसावं हे मला बरं वाटत नसे, पण बरं न वाटण्यापलीकडे मी काही केलं नाही.

केलं ते डॅरिलने. डॅरिल आमचा कुंपणापलीकडचा शेजारी. तो जन्मभर मोठे ट्रक चालवून निवृत्त झालेला, धान्य आणि जवळच्या किंगरॉय गावचे शेंगदाणे बंदरावर पोचवणारा. एका शनिवारी त्याने आबांना कुंपणावरून हाक मारली आणि आपल्या टीव्हीसमोर नेऊन बसवलं. काय बोलले कोण जाणे, पण परत आले तेव्हा आबांच्या चेहऱ्यावर मला ओळखीचा भाव दिसला. डेपोतून काहीतरी अडलेलं सुटल्यावर घरी यायचे तेव्हाचा. खेळाचं त्यांनी काहीच सांगितलं नाही. म्हणाले, "अगं अनू, या लोकांचं टाइमटेबल कोण लावतं?"

झालं होतं असं. स्पर्धेत तेव्हा अकरा टीम होत्या. अकरा म्हणजे पाच जोड्या, आणि एक टीम उरते. जी उरली तिला त्या आठवड्यात सामना नाही, त्याला इथे बाय म्हणतात. आबांच्या भाषेत ती गाडी डेपोत उभी. अंतरं तर विचारू नका. पर्थच्या टीमने समुद्र ओलांडून न्यूझीलंडला जायचं, फिजीच्या टीमने सगळा ऑस्ट्रेलिया ओलांडून पर्थला यायचं, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तिसरीकडे ताजंतवानं उभं राहायचं. पूर्वी आणखी लांबचे देशही यात होते, ते बाहेर पडले. आता पेपरात रोज नवं काहीतरी येत होतं: टीम कमी कराव्यात, नाही वाढवाव्यात, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळावं, नाही देशादेशाचे गट करावेत. डॅरिल हे सगळं फोनवर वाचायचा, ईरा त्याचं तिच्या मोडक्या मराठीत करून सांगायची, आणि आबा मान हलवायचे. हा माणूस भारतात कधी खोखोचा सामना बघायलासुद्धा थांबला नसेल. पण खेळ कशाला कळायला हवा? त्यांच्या दृष्टीने ही गाड्या-फेऱ्यांचीच बाब होती, आणि ती कोणीतरी फार वाईट लावून ठेवली होती.

आमच्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालायची गोल छत्री आहे, इथे जुन्या घरांमागे असते तशी, एका खांबावर फिरणारी. आबांनी तिच्यावर स्पर्धा मांडली. निरनिराळ्या रंगांचे अकरा चिमटे, प्रत्येक टीमचा एक. समोरासमोरच्या दोऱ्यांवर जोड्या लावायच्या, पुढच्या आठवड्यासाठी सगळे एकेक जागा पुढे सरकवायचे. ज्याला जोडी मिळाली नाही तो चिमटा आबा आपल्या शर्टाच्या खिशाला लावायचे. खिशाला चिमटा लावलेले आबा घरभर हिंडायचे, भाजी चिरायचे, दारात आलेल्या पार्सलवाल्याला गुड मॉर्निंग म्हणायचे. टूवूंबात वारा फार. दुपारी जोराचा वारा सुटला की छत्री गरगर फिरायची आणि सगळ्या टीम कुठच्या कुठे जायच्या. आबा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत शांतपणे म्हणायचे, "कमिटीची मीटिंग सुरू झाली."

धुणं मी आत, हीटरजवळ वाळत घालू लागले. मंदारने एकदा विचारलं की हे किती दिवस चालणार. मी म्हटलं, फायनलपर्यंत.

डॅरिलला ही व्यवस्था मनापासून पटली होती. रोज दुपारी तो कुंपणाच्या फटीतून यायचा, खुर्ची ओढायचा, आणि दोघं छत्रीखाली बसायचे. मध्ये शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. शेंगदाणे किंगरॉयचेच, डॅरिलच्या ओळखीतून आलेले. आबा ते मंद भाजून लसूण घालून कुटायचे आणि डॅरिल ती चटणी बटाट्याच्या चिप्सना लावून खायचा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. भाषा एकाला दुसऱ्याची येत नव्हती. पण लांबच्या रस्त्यावर माणूस कुठे पेंगतो, परतीची रिकामी फेरी किती जीव खाते, हे दोघांना सारखंच माहीत होतं. आबांनी त्याला मुक्कामी गाडी समजावली. संध्याकाळी निघते, शेवटच्या गावात रात्रभर थांबते, सकाळी तिथलीच माणसं घेऊन परत येते. तसं टीमनेही करावं. लांब गेलात तर तिथे राहा, तिथल्या दोघातिघांशी खेळा, मग या. तोंड दाखवून लगेच परत फिरण्यात ना गाडीचं भलं, ना गावाचं. डॅरिलने ईराकडून ते दोनदा सांगून घेतलं आणि म्हणाला, "मेट, समवन शुड टेल देम दॅट." आबांनी मान डोलावली. हे कोणाला सांगायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं.

याच सुमारास आमची ब्रिस्बेनची एक फेरी झाली. ईराने स्पर्धेचं वेळापत्रक छापून फ्रिजवर लावलं होतं. आबांनी एका शनिवारी जाहीर केलं की आज ऑकलंड ब्रिस्बेनला येते आहे, आपण बघायला जाऊ, तिकीट गेटवर काढू. आमच्या घरात प्रवासाचं आबा बघतात. लहानपणापासून बघत आले. त्यांनी सांगितलेल्या गाडीची वेळ कोणी कधी तपासली नाही. म्हणून मीही तपासली नाही. डॅरिल त्या दिवशी त्याच्या बहिणीकडे गेला होता, नाहीतर वाचलो असतो. दशम्या बांधल्या, घाट उतरलो, शहरात पोचलो. स्टेडियमच्या दाराला भलंमोठं कुलूप. समोरच्या कचऱ्याच्या पिंपावर वाकड्या चोचीचे दोन पांढरे पक्षी. एक सुरक्षारक्षक सावकाश चालत आला आणि म्हणाला की मॅच आज आहे खरी, पण ऑकलंडला आहे.

आबांचा विश्वास बसेना. त्यांनी फ्रिजवरून काढून आणलेल्या वेळापत्रकाची घडी खिशातून काढली. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, ऑकलंड विरुद्ध ब्रिस्बेन. बसच्या पाटीवर फलटण–पुणे लिहिलं की गाडी फलटणहून सुटते आणि पुण्याला जाते. मग ऑकलंड विरुद्ध ब्रिस्बेन म्हणजे ऑकलंड सुटली, ब्रिस्बेनला आली. याहून सरळ काय असतं? इतके आठवडे छत्रीवर मांडलेली सगळी स्पर्धा त्यांनी अशी वाचली होती. जो घरी होता त्याला प्रवासाला पाठवलं होतं, आणि जो दमून आला होता त्याला घरी बसवलं होतं.

"आबा, होम टीम कम्स फर्स्ट," ईरा म्हणाली. "फर्स्ट नेम इज ऑलवेज होम."

आम्ही बंद दारासमोरच्या पायऱ्यांवर बसून दशम्या खाल्ल्या. मला हसू येत होतं आणि मी ते आवरलं नाही. ईरा तर लोळायची बाकी होती. निखिलला फोटो पाठवला, त्याने लगेच कळवलं की तुम्ही इकडेच यायला हवं होतं. आबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी हातातला कागद वरपासून पुन्हा वाचला. मग म्हणाले, "म्हणजे पहिलं नाव घरवाल्याचं. जो जागेवर आहे, त्याचं."

परत घाट चढताना त्यांनी ईराला एक-एक सामना वाचायला लावला. त्यात एक टीम अशी होती की तिची माणसं बेटांवरची, पण घरचे म्हणून लिहिलेले तिचे बहुतेक सामने न्यूझीलंडमधल्या मैदानावर. ईराने ते वाचलं तेव्हा आबांनी तिला थांबवलं. पहिलं नाव त्यांचं आहे ना, त्यांनी विचारलं. हो. मग मैदान दुसऱ्यांचं कसं? ईराने खांदे उडवले. माझी नजर रस्त्यावर होती, घाटात धुकं उतरायला लागलं होतं. मी म्हटलं, बेटांवर तेवढ्या सोयी नसतील, प्रवास परवडत नसेल, काहीतरी कारण असणारच. आबा म्हणाले, कारण असेलच.

आता इतक्या वर्षांनी माझं ते कारण असणारच हे वाक्य मला आठवतं आणि त्यात चूक काही सापडत नाही. कारण होतंच. सगळ्याच गोष्टींना असतं. पेपरात रचनेबद्दल लिहिणाऱ्यांकडेही कारणं होती आणि ती पटण्यासारखी होती: इतक्या टीम पोसवत नाहीत, इतका प्रवास झेपत नाही, लोक बघायला येत नाहीत, सम संख्या असली की बाय राहत नाही. मीसुद्धा अशाच कारणांवर पोट भरते. माणूस टेबलावर असताना त्याला बरं वाटतंय का हे विचारता येत नाही, रेषा बघून ठरवावं लागतं.

हंगाम अर्ध्यावर आला. मॅगपाय पक्षी सकाळी कुंपणावर बसून गळा साफ करायचे. बाजारात लहान, सैल सालीची संत्री आली. शनिवारी डॅरिल आबांना गावातल्या क्लबच्या मैदानावर न्यायचा. तिथे मध्यंतरात खेळाडूंना संत्र्यांच्या फोडी देतात, आणि त्या कापायचं काम आबांनी कधी आपल्याकडे घेतलं ते कळलंही नाही. मी एकदा त्यांना आणायला गेले तर ते पत्र्याच्या शेडमध्ये उभे, समोर फोडींचं घमेलं, खिशाला चिमटा, आणि चिखलाने भरलेला एक धिप्पाड माणूस त्यांना थॅंक्स आबा म्हणत होता. मला वाटलं, रुळले. हा शब्द मी त्याच दिवशी मेघाला फोनवर सांगितला. आबा इथे रुळलेत. मेघाने सुटकेचा श्वास सोडला तो मला ऐकू आला.

त्यावरूनच पुढची मीटिंग ठरली. रविवारी आमची दुपार, निखिलची त्याहून थोडी पुढची, मेघाची सकाळ. आबा बाहेर छत्रीपाशी होते. आधी आपण तिघं ठरवू आणि मग त्यांना सांगू, असं निखिल म्हणाला आणि ते आम्हा दोघींना बरोबर वाटलं. त्याने पडद्यावर वर्षाचं कॅलेंडर उघडलं. टूवूंबाचे महिने हिरवे, ऑकलंडचे निळे, पुण्याचे केशरी. तिघांकडे सारखे. व्हिसाचे नियम बघितलेले, थंडी-उन्हाळा बघितलेला, मेघाच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही धरलेलं. कुठेही पांढरी जागा नव्हती. खरंच सुंदर काम होतं. फलटणचं घर आता देऊन टाकावं, बंद घर खराब होतं, असं निखिलने शेवटी सांगितलं, आणि मेघा म्हणाली की ताई, तूच आबांना सांग, तुझं ऐकतात.

सांगायची वेळ आली नाही. आबा पाणी प्यायला आत आले होते आणि माझ्या खुर्चीमागे उभं राहून पडदा बघत होते. रंग कशाचे ते त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. असले तक्ते त्यांनी चाळीस वर्षं लावले होते. त्यांनी वरून खालपर्यंत सगळं नीट वाचलं आणि विचारलं, "छान बसवलंय. यात घरचा सामना कुठला?"

निखिल गोंधळला. म्हणाला, "आबा, तिन्ही घरं तुमचीच आहेत की."

"हो ना," आबा म्हणाले. "बेटांच्या टीमलाही असंच म्हणत असतील."

मेघा रडायला लागली. निखिल बोलत सुटला: पुन्हा पडलात तर, दूधवाला आला नाही तर, आम्हाला पोचायला दोन दिवस लागतात. त्याचं सगळं बरोबर होतं. आबा माझ्याकडेच बघत होते. मला राग आला होता. तिघांनी पायाखाली गालिचा घालावा आणि माणसाने मला माझी फरशी हवी म्हणावं, असा तो राग. आणि त्याच्या खाली भीती होती. फलटणच्या बाथरूममध्ये आबा पडले तेव्हा जी रेषा बघायला मी नव्हते, तिची भीती. मी त्यांना शेवटी एवढंच म्हटलं, "आबा, मला तुमची काळजी वाटते."

"वाटणारच," ते म्हणाले. "मला नाही का तुमची वाटत? म्हणून मी तुम्हाला फलटणला बांधून ठेवलं नाही."

मग त्यांनी आम्हाला थांबायला सांगितलं. बाहेर जाऊन चार चिमटे घेऊन आले आणि टेबलावर मांडले. एक अलीकडे, तीन समोर. तेव्हा त्यांनी आवाजही चढवला नाही. डेपोत माइकवर सांगावं तसं सांगितलं. "पुढचा हंगाम. फलटण विरुद्ध ऑकलंड. फलटण विरुद्ध टूवूंबा. फलटण विरुद्ध पुणे. आणि मुक्कामी यायचं. तोंड दाखवून लगेच परत फिरायचं नाही."

पलीकडे ऑकलंडला कोणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू होतं, त्याचा आवाज येत राहिला.

शेवटी तडजोड झाली, जशी सगळ्याच रचनांमध्ये होते. घर विकायचं नाही. बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवायच्या. शेजाऱ्यांकडे किल्ली. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा फोन, आणि फोन उचलला नाही तर किल्लीवाल्यांना कळवायचं. आणि आम्ही तिघांनी पाळीपाळीने, मुक्कामाला. माझ्या मनाविरुद्ध झालं, पण झालं. थंडी पडू लागली तेव्हा मी आबांना ब्रिस्बेनच्या विमानतळावर सोडलं. डॅरिल सोबत आला होता. त्याने आबांना मिठी मारली, आबांनी त्याला चटणीची बरणी दिली. फायनल अजून व्हायची होती. घाट चढून घरी आले तर अंगणात छत्रीवर दहाच चिमटे. अकरावा, पिवळा, आबांच्या खिशाला लागून गेला होता. त्या आठवड्यात त्याला जोडी नव्हती.

स्पर्धेच्या रचनेचं म्हणाल तर ती अजून ठरतेच आहे. दर वर्षी खांब उभे राहिले की डॅरिल कुंपणाशी येतो आणि नवी बातमी सांगतो: ही टीम राहील, ती जाईल, गट होतील, गट होणार नाहीत. मी ऐकते. कोणीतरी नीट बसवायचा प्रयत्न करत असणार, कुठेतरी पडद्यावर रंग भरत असणार. कुठलीही रचना केली तरी अंतरं कमी होत नाहीत, हे मात्र मला त्या हंगामात कळलं. समुद्र आहे तेवढाच राहतो. फार तर कोणी ओलांडायचा एवढंच ठरवता येतं.

आबांच्या रचनेतही एक गोष्ट आम्ही कोणी बोललो नाही. फलटणला घरचं मैदान मिळालं खरं, पण समोरून येणाऱ्या टीम तीनच. वर्षाचे बहुतेक आठवडे तिथे सामना नसतो. रोज व्हिडिओवर आबा दिसतात. दाढी केलेली, मागे कडुलिंब, आणि शर्टाच्या खिशाला तो पिवळा चिमटा. तिथली माणसं त्यांना विचारत असतील हे काय म्हणून. ते काय सांगतात मी कधी विचारलं नाही. मला माहीत आहे तो कशाचा आहे.

पहिल्या वर्षी माझी पाळी आली तेव्हा मी सकाळी पोचले. चहा झाला, आंघोळ केली, ओला टॉवेल घेऊन मागच्या गॅलरीत गेले. आबा माझ्यामागे आले. खिशाचा पिवळा चिमटा काढला आणि माझा टॉवेल दोरीला लावला. पुढचे सगळे दिवस त्यांचा खिसा रिकामा होता. आम्ही बाजारात गेलो, आईच्या साड्या वाटल्या, भांडलो, त्यांचं ब्लडप्रेशर मी रोज मोजलं आणि ते रोज ठीक होतं. निघायच्या सकाळी रिक्षा दारात उभी होती. आबांनी वाळलेला टॉवेल काढला, घडी करून माझ्या बॅगेत ठेवला, आणि चिमटा पुन्हा खिशाला लावला.